मूळ नको, वाट सांगा

इंग्रजी ही लॅटिनची लेक. तिचे निम्म्याहून अधिक शब्द लॅटिन. म्हणून लॅटिन मूळ सापडले की इंग्रजी शब्दाचा खरा अर्थ हाती आला. शब्दसंग्रह वाढवून देणारी पुस्तके, स्पर्धा परीक्षांचे वर्ग आणि सकाळच्या सुविचारांबरोबर फिरणारे मजकूर हे त्रैराशिक इतक्या सहजपणे मांडतात की त्यावर शंका घेणाराच अडाणी ठरावा. जोडीला ठरलेल्या गोष्टी असतातच: रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळे, त्यातून ‘सॅलरी’ आली, लबाड शिल्पकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवत, म्हणून ‘मेणाविना’ ते ‘सिन्सिअर’. या युक्तिवादाची पहिली पायरी नात्याबद्दल चुकते, दुसरी मोजणीबद्दल आणि तिसरी अर्थाबद्दल. तिन्ही चुकांचे कारण मात्र एकच आहे. शब्द कुठून निघाला एवढेच या मंडळींना हवे असते. तो कोणत्या काळी, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या व्यवहारातून इंग्रजीत पोचला, हे विचारायची त्यांना गरज वाटत नाही. माझे म्हणणे असे की वाट दाखवल्याशिवाय सांगितलेले मूळ ही केवळ अटकळ असते, आणि वाट नीट दाखवली की ‘खऱ्या अर्थाचा’ दावा आपोआप गळून पडतो.

आधी नात्याचे पाहू. ‘फादर’ हा लॅटिन ‘पातेर’वरून आला, ‘फूट’ हा ‘पेस’वरून, असे सर्रास सांगितले जाते. शब्द सारखे दिसतात हे खरे. पण ते संस्कृत ‘पितृ’ आणि ‘पाद’ यांच्याशीही तितकेच जुळतात. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे नेमके हेच साम्य मांडले आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात असे म्हटले. गॉथिक भाषाही त्याच कुळातली असावी असे त्यांनी सुचवले. पुढे रास्मुस रास्क यांनी, आणि १८२२ साली याकोप ग्रिम यांनी, या साम्यातला नियम दाखवून दिला. जिथे लॅटिन व संस्कृतात ‘प’ आहे तिथे जर्मानिक भाषांत ‘फ’ येतो, ‘क’च्या जागी ‘ह’ येतो, ‘द’च्या जागी ‘ट’. म्हणून लॅटिन ‘दुओ’, संस्कृत ‘द्वि’ आणि इंग्रजी ‘टू’. ‘देकेम’, ‘दश’ आणि ‘टेन’. ‘कोर्नू’ आणि ‘हॉर्न’. इंग्रजीने हे शब्द लॅटिनकडून उसने घेतले असते तर ‘प’ आणि ‘द’ जागचे हलले नसते. उसने घेतले तेव्हा ते हललेही नाहीत: ‘पॅटर्नल’, ‘पेडल’, ‘डेंटल’, ‘सेंच्युरी’. वारशाने आलेला ‘फादर’ आणि मागून आणलेला ‘पॅटर्नल’ एकाच भाषेत शेजारी नांदतात, आणि दोघांच्या ध्वनींतला फरकच सांगतो की इंग्रजी लॅटिनची लेक नाही. जर्मन, डच आणि स्कँडिनेव्हियन भाषा या तिच्या सख्ख्या. लॅटिन फार तर चुलत घराण्यातली वडीलधारी. लॅटिनच्या खऱ्या लेकी म्हणजे फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रोमानियन.

यावर एक उत्तर हमखास येते. रोमन साम्राज्याने ब्रिटनवर सुमारे पावणेचार शतके राज्य केले. तेवढ्या काळात लॅटिन तिथल्या भाषेत मुरली नसेल का? मुरली असेलही, पण ती भाषा इंग्रजी नव्हती. इ.स. ४३मध्ये रोमनांनी ब्रिटन जिंकायला घेतले आणि ४१०च्या सुमारास त्यांची सत्ता तिथून उठली, तेव्हा बेटावरचे बहुतेक लोक केल्टिक भाषा बोलत होते. ज्यांच्या बोलीतून इंग्रजी घडली ते अँगल, सॅक्सन आणि ज्यूट लोक त्यानंतर, पाचव्या शतकात, उत्तर समुद्र ओलांडून वस्तीला आले. गंमत अशी की त्यांच्या बोलीत काही लॅटिन शब्द आधीच रुळलेले होते. ऱ्हाइनच्या काठी रोमन व्यापाऱ्यांशी आणि छावण्यांशी देवघेव करताना त्यांनी फरसबंदी रस्त्याचा ‘स्ट्राता’ घेतला, तो झाला ‘स्ट्रीट’. तटबंदीचा ‘वाल्लुम’ झाला ‘वॉल’. ‘कासेउस’चे ‘चीज’ झाले. ‘विनुम’ची ‘वाइन’ झाली ती तर तारखेचा शिक्काच घेऊन. लॅटिनमध्ये या शब्दाचा पहिला वर्ण पूर्वी ओठ गोल करून उच्चारला जाई, आणि इंग्रजीने तो उच्चार आजही सांभाळला आहे. त्याच कुळातला द्राक्षवेलीचा शब्द कैक शतकांनी फ्रेंचमधून आला, तोवर तो उच्चार बदलला होता; म्हणून त्याची सुरुवात दात ओठांवर टेकवून करावी लागते. एकच मूळ, दोन वाटा, दोन शब्द. ‘दोन्ही लॅटिनमधून आले’ एवढ्यावर थांबणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

वाटा दोनच नव्हत्या. ५९७ साली ऑगस्टीन हा धर्मोपदेशक केंटमध्ये उतरला आणि चर्चबरोबर ‘कँडल’, ‘मास’ असे शब्द आले. १०६६मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीन शतके राज्यकारभार, न्यायालये व सरदारांची घरे यांतून फ्रेंच शब्दांचा ओघ लागला. ते मुळात लॅटिन होते, पण फ्रेंच तोंडात हजार वर्षे घोळून झिजलेले. त्यानंतर विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात विद्वानांनी थेट लॅटिन ग्रंथांतून शब्द उचलले. त्यामुळे एकाच लॅटिन शब्दाची चार-पाच रूपे इंग्रजीत सापडतात. ‘दिस्कुस’ हा मुळात ग्रीक. लॅटिनमार्गे तो जुन्या इंग्रजीत आला तो ‘डिश’ म्हणून, फ्रेंचमधून आला तो मंचाच्या अर्थाचा ‘डेअस’ म्हणून, मध्ययुगीन लॅटिनमधून आला तो ‘डेस्क’ म्हणून आणि विद्वानांच्या हातून आला तो ‘डिस्क’ म्हणून. डोक्याशी नाते सांगणाऱ्या ‘कापिताले’चे नॉर्मन बोलीतून ‘कॅटल’ म्हणजे गुरेढोरे झाले, मध्य फ्रान्सच्या बोलीतून ‘चॅटल’ म्हणजे जंगम मालमत्ता झाले आणि पुस्तकी मार्गाने ‘कॅपिटल’ म्हणजे भांडवल झाले. आता या तिन्हींचा खरा अर्थ कोणता? गोठ्यातले, कज्जातले आणि शेअर बाजारातले धन यांत कोणाला अस्सल मानायचे? उगमाकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. शब्दांना वेगळेपण वाटेने दिले आहे.

आता आकडे. साठ टक्के इंग्रजी शब्द लॅटिन असल्याचे सांगताना ते कुठले शब्द, हे कोणी सांगत नाही. फिंकेनश्टेट आणि वोल्फ या संशोधकांनी १९७३मध्ये ऑक्सफर्डच्या छोट्या कोशातल्या सुमारे ऐंशी हजार शब्दांची छाननी केली. त्यांच्या मोजणीत फ्रेंचमधून आलेले शब्द सुमारे २८ टक्के भरले, लॅटिनमधून थेट आलेले जवळपास तेवढेच, आणि जर्मानिक सुमारे २५ टक्के. फ्रेंच आणि लॅटिन यांची बेरीज करून निम्म्याच्या पुढे जाता येते हे मान्य. पण कोशात प्रत्येक शब्दाची किंमत सारखी धरलेली असते. वर्षातून एकदा वकिलाच्या तोंडी येणारा शब्द आणि मिनिटाला पाच वेळा येणारा ‘अँड’ तिथे शेजारी उभे असतात. चालू बोलण्या-लिहिण्यातले सर्वाधिक वापराचे शंभर शब्द काढले तर त्यांत ‘पीपल’, ‘यूज’, ‘जस्ट’ असे बोटांवर मोजण्याइतकेच लॅटिन वंशाचे निघतात. सर्वनामे, साहाय्यक क्रियापदे, शब्दयोगी अव्यये, नात्यांची आणि अवयवांची बहुतेक नावे जर्मानिक आहेत. ‘दे’ आणि ‘देम’ ही सर्वनामे स्कँडिनेव्हियन दर्यावर्दींकडून आली, लॅटिनकडून नव्हे. तरीही याच्या उलट टोकाला जाऊन ‘साधे इंग्रजी म्हणजे सॅक्सन, अवजड इंग्रजी म्हणजे लॅटिन’ असे म्हणणेही चुकीचेच. ‘स्ट्रीट’, ‘वॉल’, ‘फेस’, ‘पे’, ‘व्हेरी’ यांत अवजड काय आहे? लवकर आलेले किंवा रोजच्या व्यवहारातून आलेले शब्द घरचे झाले. उशिरा आणि पुस्तकातून आलेले बहुतेक औपचारिक राहिले. साधेपणा किंवा भारदस्तपणासुद्धा वाटेनेच ठरला, वंशाने नव्हे.

मिठाच्या गोष्टीला आता वळू, कारण खरे आणि खोटे यांचे मिश्रण कसे तयार होते याचा तो उत्तम नमुना आहे. ‘सॅलरी’ हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सालारिउम’वरून आला, आणि ‘सालारिउम’चे ‘साल’ म्हणजे मिठाशी नाते आहे. इथवर भांडण नाही. पहिल्या शतकातल्या थोरल्या प्लिनीने आपल्या विश्वकोशाच्या मिठावरच्या प्रकरणात मानसन्मान आणि लष्करी सेवा यांच्या संदर्भातही मिठाचे नाव येते आणि त्यावरून ‘सालारिउम’ म्हणतात, एवढे ओझरते नोंदवले आहे. सैनिकांना मीठ मोजून पगार देत, असे तो म्हणत नाही. दुसरा कोणताही प्राचीन लेखक तसे म्हणत नाही. उलट सैनिकांच्या पगाराची माहिती आपल्याला चांगली आहे, आणि ती नाण्यांत आहे. पॉलिबिअसने प्रजासत्ताकाच्या काळातला पायदळाचा रोजचा भत्ता आणि त्यातून धान्य-कपड्यांसाठी होणारी कपात सांगितली आहे. ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनार मिळत. डोमिशियनने ते ३०० केले. या पगाराला शब्दही वेगळा होता, ‘स्तिपेन्दिउम’. ‘सालारिउम’ हा साम्राज्यकाळात अधिकाऱ्यांसारख्यांना दिल्या जाणाऱ्या रोख मानधनाचा शब्द होता. नावात मीठ का शिरले याची अटकळ करता येते, मिठासाठीचा भत्ता असावा असे म्हणता येते. पण अटकळ ती अटकळ. लोककथेने मधली रिकामी जागा पाहिली आणि तिथे मिठाच्या पोत्यांसमोर रांग लावलेली फौज उभी केली. काही जण पुढे जाऊन ‘सोल्जर’लाही मिठातच बुडवतात. तो शब्द ‘सोलिदुस’वरून, म्हणजे चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टंटाइनने पाडलेल्या सोन्याच्या नाण्याच्या नावावरून, फ्रेंचमार्गे आला आहे.

पगाराच्या शब्दांत खरी नवलाई हवी असेल तर ती ‘पे’मध्ये आहे, आणि तिचा धागा थेट मराठीपर्यंत येतो. लॅटिन ‘पाक्स’ म्हणजे शांतता. त्यावरून ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. देणेकऱ्याने पैसे चुकते केले की सावकार शांत होतो, म्हणून मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कर्ज फेडणे असा झाला. फ्रेंच वाटेने तो इंग्रजीत ‘पे’ झाला. पोर्तुगीज वाटेने तो ‘पागार’ झाला आणि गोवा-वसईच्या किनाऱ्यावरून मराठीत ‘पगार’ म्हणून स्थिरावला. त्याच जहाजांतून ‘क्लाविस’ची ‘चावी’ आली आणि ‘पानिस’चा ‘पाव’ आला. त्याच्या कितीतरी आधी रोमन ‘देनारिउस’ ग्रीकमार्गे येऊन संस्कृतात ‘दीनार’ झाला आणि गुप्तकाळच्या शिलालेखांत कोरला गेला. या शब्दांच्या आधारे मराठी ही लॅटिनची लेक आहे असे कोणी म्हणेल काय? महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा कोणी आपली समजूत काढली जात आहे असे समजेल काय? मराठीबाबत हे प्रश्न विचारताच हसू येते. इंग्रजीबाबत तेच दावे ऐकून माना डोलावल्या जातात, कारण तिथे लॅटिनचा दबदबा आड येतो.

इथे कोणी म्हणेल: असल्या गोष्टींनी मुलांना शब्दांची गोडी लागते, मग त्या तंतोतंत खऱ्या नसल्या म्हणून काय बिघडले? बिघडते ते असे की या गोष्टी शब्दाबद्दल कमी आणि इतिहासाबद्दल जास्त बोलतात. ‘सिन्सिअर’ची मेणाची गोष्ट रोमच्या शिल्पकारांवर लबाडीचा आळ घेते, आणि त्याला प्राचीन काळातला एकही साक्षीदार नाही, ‘सिन्केरुस’ म्हणजे शुद्ध, निर्भेळ या शब्दाची ती फोड प्रमाण कोशांनी फेटाळली आहे. एकदा कानाला जुळले की पुरे, ही सवय लागली की ती एका भाषेपुरती राहत नाही. ध्वनिसाम्यापलीकडे एकही दुवा न देता ‘व्हॅटिकन म्हणजे वाटिका’ असे आपल्याकडे ठासून सांगितले जाते ते याच सवयीतून. मेणाच्या गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्याला वाटिकेच्या गोष्टीला हसण्याचा हक्क नाही; दोन्हींची कार्यपद्धती एकच आहे. शिवाय हा रोग जुना आहे. ‘लूकुस’ म्हणजे दाट राई, कारण तिथे उजेड नसतो, असल्या व्युत्पत्तींची खिल्ली क्विंटिलियनने पहिल्या शतकातच उडवली होती. गोडी लावायचीच तर ‘डिश’ आणि ‘डेस्क’ भाऊ कसे, हे सांगावे. ते खरेही आहे आणि मेणाच्या गोष्टीहून रंजकही.

आता सर्वांत चिवट दावा: मूळ अर्थ हाच खरा अर्थ. ‘नाइस’चे मूळ ‘नेस्किउस’, म्हणजे अजाण. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मूर्ख होता आणि इंग्रजीतही सुरुवातीला तोच होता. मग तो चोखंदळ, काटेकोर असा सरकत अठराव्या शतकात सुखद, चांगला असा झाला. मूळ हाच निकष धरला तर कोणाला ‘नाइस’ म्हणणे ही शिवी ठरेल. ‘मसल’ म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. रोमनांना दंडात उंदीर दिसला, मराठी माणसाला बेटकुळी दिसते, आणि दोघांच्याही डॉक्टरांना त्या प्राण्यांशी कर्तव्य नाही. हा मुद्दा समजायला मराठी वाचकाला परदेशी पंडितांची गरजही नाही. यौगिक, रूढ आणि योगरूढ हा शब्दांचा भेद आपल्या शास्त्रपरंपरेने केव्हाच केला आहे. चिखलात जन्मणारे पुष्कळ काही असते, पण ‘पंकज’ म्हणजे कमळच. ‘कुशल’ म्हणजे दर्भ कापण्यात वाकबगार. तरी कुशल सर्जनच्या हाती कोणी विळा देत नाही. अवयवार्थापेक्षा रूढी बलवान, हे आपल्याकडे मीमांसकांनी आणि नैयायिकांनी मानले. आणि भाषेतल्या शब्दांचा निवाडा वापराच्या हाती असतो, हे खुद्द लॅटिनचा कवी होरेस आपल्या काव्यशास्त्रावरच्या पत्रात सांगून गेला. लॅटिनच्या नावाने अर्थ गोठवू पाहणाऱ्यांना लॅटिनचाच पाठिंबा नाही. यातून अनागोंदी माजेल ही भीतीही फोल आहे. रूढी म्हणजे कोणा एकाची लहर नव्हे. ती साऱ्या बोलणाऱ्यांची सहमती असते, म्हणूनच ती एका माणसाने मोडून मोडत नाही.

मुळाच्या या भक्तीने प्रत्यक्ष नुकसानही केले आहे, आणि ते इंग्रजी शिकणारे प्रत्येक मूल भोगते. ‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘डाउट’ म्हणजे शंका हे शब्द फ्रेंचमधून आले तेव्हा त्यांत ‘बी’ हे अक्षर नव्हते. लॅटिनमध्ये ‘देबितुम’ आणि ‘दुबितारे’ आहे म्हणून विद्वानांनी ते मागाहून घुसवले. उच्चारात ते कधीच आले नाही. शेक्सपिअरने ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’मध्ये होलोफर्निस नावाचा पंतोजी रंगवला आहे, तो लोक हे अक्षर उच्चारत नाहीत म्हणून संतापतो. ‘आयलंड’ची कथा तर याहून वाईट. तो अस्सल जर्मानिक शब्द. लॅटिन ‘इन्सुला’शी त्याचा काही संबंध नाही. पण ‘आइल’शी साम्य पाहून त्यात ‘एस’ खुपसले गेले आणि तिथेच राहिले. ‘सिझर्स’मधले ‘सी’ हे अक्षरही भलत्याच लॅटिन धातूच्या भासाने चिकटले. वाट न तपासता मूळ लादले की काय होते, याचे पुरावे इंग्रजी स्पेलिंगमध्ये पानोपानी पडलेले आहेत.

एक आक्षेप मात्र मान्य करायला हवा. वैद्यक, वनस्पतिशास्त्र, कायदा यांतली परिभाषा लॅटिन-ग्रीक घटकांतून जाणीवपूर्वक घडवलेली आहे. तिथे घटक ओळखता आले तर अनोळखी शब्दाचा अंदाज बांधता येतो, आणि विद्यार्थ्याला त्याचा खरोखर उपयोग होतो. पण तो का होतो? कारण तिथे वाट आपल्याला ठाऊक आहे: कोणीतरी तो शब्द त्या अर्थासाठी मुद्दाम जोडला, आणि त्यानंतर तो फारसा फिरला नाही. शब्द लोकांच्या तोंडी फिरायला लागला की घटकांचा आधार सुटतो. ‘इन्स्पेक्ट’मध्ये पाहणे दिसते, म्हणून त्याच न्यायाने ‘रिस्पेक्ट’ फोडले तर ‘मागे वळून पाहणे’ मिळते. आदर मिळत नाही. तो अर्थ आधी माहीत असेल तर ही फोड स्मरणाला मदत करते, माहीत नसेल तर दिशाभूल करते.

तेव्हा ज्यांना इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळे सांगायची आहेत त्यांनी अवश्य सांगावीत, पण त्याबरोबर तीन गोष्टींची जबाबदारी घ्यावी: शब्द इंग्रजीत साधारण कधी आला, कोणत्या भाषेच्या हातून आला, आणि वाटेत त्याचा अर्थ कसा बदलला. या तिन्हींचे उत्तर चांगल्या ऐतिहासिक कोशात बहुधा मिळते. जिथे मिळत नाही तिथे ‘मूळ अनिश्चित’ असे कोशकार स्वच्छ लिहितात, आणि शिक्षकांनाही तसे म्हणता येते. शब्दाचा आजचा अर्थ मात्र आजच्या बोलणाऱ्यांना विचारावा. रोमला त्यात साक्षीदार म्हणून बोलवावे, न्यायाधीश म्हणून बसवू नये.